सावरीखालची बैठक

दिवाळीच्या अंकात फाल्गुनाच्या गोष्टी काढणारा माणूस म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी बारशाचा हिशेब मांडणारा, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. आमचे म्हणणे एवढेच की, मध्यमवर्गीयाच्या घरात कॅमेरा येतो तो बहुधा दिवाळीलाच. बोनस हाती पडलेला असतो, दुकानांतून सवलतीच्या पाट्या झळकत असतात, पाडव्याचा मुहूर्त आयता सापडतो, आणि चिरंजीवांनी गणपतीपासूनच तगादा लावलेला असतो. पाडव्याला हळदकुंकू लागलेला हा कॅमेरा पुढे करतो काय? भाऊबीजेची ओवाळणी टिपतो, डिसेंबरात एका लग्नाला जाऊन येतो, महाबळेश्वरी सूर्यास्ताचे आठ फोटो काढतो (आठही सारखेच येतात), आणि मग कपाटात शालींच्या खाली जाऊन पुढच्या गणपतीपर्यंत झोपी जातो.

त्याला माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी लागल्यापासून मार्चअखेरपर्यंत, घराजवळच्या बागेत काम आहे, हे सांगायला आम्ही बसलो आहोत. त्यासाठी ताडोब्याचे आरक्षण नको, जीपचे भाडे नको, रजेचा अर्ज नको. हवी एक फुललेली काटेसावर आणि तिच्याखाली तासभर बसण्याची तयारी. शहरात सावरी पुष्कळ आहेत. बसण्याची तयारी मात्र थोड्यांकडे असते.

सावर हे वर्षभर कोणाच्या लक्षात न येणारे झाड. सरळसोट खोड, तरुणपणी अंगभर काटे, दोन्ही बाजूंना आडव्या पसरलेल्या फांद्या, बस्स. पण थंडी सरत आली की ते पाने टाकून देते आणि उघड्या फांद्यांवर वाटीएवढी लाल फुले येऊन बसतात. जाड, मांसल पाच पाकळ्या, मध्ये केसरांचा झुबका आणि तळाशी मध. पुष्कळ झाडे त्या दिवसांत पाने गाळून उदास उभी असतात. अशा वेळी सावरीने ही पाणपोई उघडलेली असते. आणि पाणपोईवर यावी तशी गर्दी तिथे होते.

फोटो काढणाराला याहून सोयीची व्यवस्था कोणी करून दिली नसती. एरवी पक्षी पानांत असतो आणि फोटोत पानेच येतात. मागून पाहुण्यांना तो फोटो दाखवताना बोट ठेवून सांगावे लागते, "हा बघा, हा इथे शेपटीचा भाग." सावरीवर पाने नाहीत. जो येईल त्याला उघड्यावरच बसावे लागते, आणि तोही मधाच्या लोभाने दोन मिनिटे एका जागी बसतो.

येतात तरी किती जण! साळुंक्या सगळ्यांच्या आधी हजर आणि सगळ्यांशी भांडणाऱ्या. त्यांच्या पाठोपाठ बुलबुल. कावळा मध पितो हे पुष्कळांना ठाऊक नसते. सावरीखाली बसलात तर रोज दिसेल, आणि पिताना तो आजूबाजूला असे पाहतो की जणू कुणी ओळखीचे भेटू नये. कोतवाल दुटांगी शेपूट झुलवत येतो. त्याला मध चालतो आणि मधावर आलेले किडेही चालतात. डोळ्याभोवती पांढरे कडे असलेले चिमुकले चष्मेवाले दहा-पंधराच्या टोळीने येतात आणि तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत निघून जातात. शिंजीर तर या दिवसांत पाहावा. पावसाळ्यानंतर ज्याचा नर मादीसारखाच मळकट पिवळा दिसत होता, गळ्यावर जेमतेम एक काळी रेघ, तोच आता जांभळ्या-निळ्या झळाळीने असा नटलेला असतो की ऊन पडले की रंग बदलतो. खारही येते. तिचे मध पिणे कमी आणि फुले कुरतडून खाली टाकणे जास्त. या सर्वांच्या कपाळाला पराग लागतो आणि दुसऱ्या फुलात पोहोचतो. सावर आपली पाणपोई फुकट चालवीत नाही.

आणि मग एखाद्या सकाळी पळसमैनांचा थवा उतरतो. अंग गुलाबी, डोके-पंख-शेपूट काळे, डोक्यावर तुरा. शेतकऱ्यांना ही भोरडी चांगली ठाऊक. ज्वारीच्या कणसांवर तिची धाड पडते म्हणून तिची कीर्ती फारशी बरी नाही, पण टोळ खाण्यातही ती तशीच पटाईत. तिचे माहेर पूर्व युरोप आणि मध्य आशियातील माळराने. जुलै-ऑगस्टपासून ती आपल्याकडे येऊ लागते आणि एप्रिलमध्ये परत निघते. निघायच्या सुमारास तिचा गुलाबी रंग खुलतो. म्हणजे सावर, पळस आणि पांगारा फुललेले असतात त्याच दिवसांत ही पाहुणी आपल्या सर्वांत चांगल्या वेषात असते, आणि तीही फुलांवर. एवढे जुळवून आणायला एरवी लग्नाच्या कार्यालयात चार माणसे लागतात.

बाग कोणती, हा प्रश्न गौण आहे. मुंबईकरांना भायखळ्याची राणीची बाग आहे. ती १८६२ पासूनची, आणि आता तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. तिथे लोक प्राणी पाहायला जातात आणि डोक्यावरची जुनी झाडे न पाहता परत येतात. माहीम-धारावीच्या बाजूला मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी शहराचा कचरा पडत असे. त्या कचऱ्याच्या ढिगांवर झाडे लावून १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडले. पुणेकरांना एम्प्रेस गार्डन आहे, वेताळ टेकडी आहे, नागपूरकरांना महाराजबाग. पण आमच्या पाहण्यातल्या उत्तम जागा म्हणाल तर सोसायटीचा जिना. आवारात किंवा रस्त्याच्या कडेला सावर वा पांगारा असेल, तर दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याची खिडकी झाडाच्या शेंड्याशी समोरासमोर येते. खालून काढलेल्या फोटोत पक्ष्याचे पोट येते. जिन्यातून काढलेल्यात त्याचा डोळा येतो.

आता बसण्याविषयी. सकाळी सात ते नऊ ही वेळ. दहानंतर ऊन पांढरे पडते, रंग मरतात आणि पक्षीही सावलीला जातात. सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे सकाळी झाडाच्या पूर्वेला बसावे. निष्पर्ण झाडाची एकच पीडा, ती म्हणजे मागचे उजळ आकाश. कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि पक्षी कोळशासारखा काळा येतो. तेव्हा एक तर उजेडाचा आकडा थोडा वर चढवावा, नाही तर अशी खालची फांदी निवडावी की जिच्या मागे दुसरे गर्द झाड किंवा सावलीतली भिंत येईल. बसलेल्या साळुंकीला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. शिंजीराला हजारावा हवा, आणि उडणाऱ्याला त्याच्याही निम्मा. ३०० मिलिमीटरचे भिंग असले की बागेतले बरेचसे काम भागते. त्याहून मोठे भिंग घेणाऱ्या गृहस्थांना आमचा विरोध नाही. त्यांच्या खांद्यांना असेल.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे त्यांनी दूरच्या पक्ष्याच्या नादी लागू नये. मोबाइलने ओढून जवळ आणलेला पक्षी पाण्यात भिजलेल्या टपाल-तिकिटासारखा दिसतो. त्याऐवजी संबंध झाड घ्यावे, त्यावर टिंबाएवढी पळसमैना असू द्यावी. आमच्या मते पीस न् पीस मोजता येणाऱ्या मुखवट्यापेक्षा असा फोटो अधिक सांगतो. पक्षी कुठे राहतो, काय खातो आणि शहर त्याच्या किती जवळ आले आहे, हे त्यात दिसते. शिवाय खाली पडलेली फुले, त्यांवरच्या मुंग्या, कुंपणावरचा सरडा, हिरवळीवर शेपूट खालीवर हलवणारा धोबी, हे सारे मोबाइलच्या आवाक्यातले. धोबी तर हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा येऊन पोहोचलेलाही असेल. तो मार्च-एप्रिलात जातो.

"तासभर नुसतं बसायचंच आहे तर मटार तरी सोला," असे आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी सुचवले आणि पिशवी सोबत दिली. ही थट्टा नव्हती. पण तिचा फायदा असा झाला की मान खाली घालून मटार सोलणाऱ्या माणसाला पक्षी घाबरत नाहीत, हे कळले. त्यांना भय वाटते ते रोखून पाहत सरळ अंगावर चालून येणाऱ्याचे. म्हणून पक्ष्याकडे जायचेच तर तिरके जावे, थांबत जावे, आपले दुसरेच काही काम आहे अशा चेहऱ्याने जावे. सरकारी कचेरीत ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला हे शिकवावे लागत नाही.

याच दिवसांत बागेत कुठून तरी ठोके ऐकू येतात. टुक्, टुक्, टुक्. मिनिटाला शंभरेक, न थकता. तांबट आळीत कोणी भांडे घडवीत बसावे तसे. हा तांबट पक्षी. चिमणीएवढाच, पण जाडजूड. अंग हिरवे, कपाळ आणि छाती लाल, चोचीच्या बुडाशी मिशा. त्याचा फोटो जरूर काढा आणि घरी येऊन मोठा करून पाहा. ठोका देताना त्याची चोच मिटलेली असते! आवाज येतो, गळा फुगतो, आणि तोंड बंद. आमच्या चिरंजीवांचा यावर विश्वास बसेना. त्यांनी लागोपाठ चाळीस फोटो काढले, एकातही चोच उघडी नव्हती.

तांबट घरटे बांधत नाही. वाळक्या, कुजक्या फांदीला भोक पाडून त्यात अंडी घालतो. बागेच्या व्यवस्थापनाला हीच फांदी बागेची शोभा घालवणारी वाटते आणि नेमकी याच महिन्यांत ती तोडली जाते. रस्त्यावर किंवा बाकावर पडणार असेल तर तोडलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण कोपऱ्यातल्या झाडाची वाळकी फांदी कोणाच्या डोक्यात पडणार नसते. तिच्या खालच्या अंगाला रुपयाएवढे गोल भोक दिसले, तर त्याचा फोटो काढून बागेच्या मुकादमाला दाखवा. त्या भोकाचा यापेक्षा चांगला उपयोग छायाचित्रणात नाही.

येथवर सारे गोडीगुलाबीचे झाले. आता जे लिहिणार आहोत ते काही वाचकांना कडू लागेल.

गेल्या मार्चमध्ये एका सार्वजनिक बागेत (नाव सांगत नाही) जास्वंदीच्या झुडपात बुलबुलाचे घरटे होते. कमरेएवढ्या उंचीवर, आत तीन पिले. झुडपासमोर पाच गृहस्थ कॅमेरे तिकाट्यांवर लावून उभे होते. मध्ये येणाऱ्या दोन डहाळ्या सुतळीने बाजूला बांधल्या होत्या, म्हणजे आतले स्वच्छ दिसावे. मादी चोचीत हिरवी अळी धरून समोरच्या तारेवर बसली होती. ती एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवी, पंख फडफडवी, ओरडे, पण जागा सोडीना आणि आतही जाईना. पाचही कॅमेरे टकटक वाजत होते. "काय पोझ देते आहे!" एकजण म्हणाला.

ती पोझ देत नव्हती. ती हे लोक जाण्याची वाट पाहत होती.

वीस मिनिटांनी पाण्याची नळी ओढत बागेचा माळी आला. तो कॅमेऱ्यांकडे पाहून म्हणाला, "साहेब, तिला घरी जाऊ द्या की." मंडळी जरा वरमली, आणखी दहा-बारा फोटो काढून निघाली. सुतळी तशीच राहिली होती, ती माळ्याने सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. कावळ्याने नेली की मांजराने, ते आम्ही पाहिलेले नाही. त्या पाचांपैकी एकाचा फोटो मात्र पुढे एका प्रदर्शनात आम्ही पाहिला. चोचीत अळी, मागे हिरवी झाक, डोळ्यात उन्हाचा ठिपका. खाली नाव दिले होते, 'वात्सल्य'. लोक थांबून थांबून पाहत होते.

तेव्हापासून चोचीत अळी धरलेल्या पक्ष्याचा फोटो दिसला की आम्ही आधी विचारतो, हा किती वेळ तसाच बसला होता? पिलांना दिवसभर, तासातून कितीतरी वेळा भरवावे लागते. बुलबुलाला अंडी उबवायला दोनेक आठवडे लागतात आणि पिले घरट्याबाहेर पडायला जवळजवळ तेवढेच. एवढ्या मुदतीत सगळा संसार आटपायचा असतो. त्यात आपली अर्धी सकाळ म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. डहाळ्या बाजूला केल्या की मार्चचे ऊन थेट उघड्या अंगाच्या पिलांवर पडते. आणि कावळा! माणसे पाच मिनिटे एका झुडपाकडे का पाहत आहेत हे त्याला न सांगता कळते. आपण निघून गेलो की तो तिथे येऊन पाहतो.

कायद्याचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदूक चालवणे तर तीत आहेच. पण वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हेही शिकारीतच धरले आहे. सुतळी बांधणाऱ्या गृहस्थांनी आयुष्यात कधी गलोलही हाती धरली नसेल. मुंबईची पोरे फोटो 'काढत' नाहीत, 'मारतात'. त्या भाषेला आम्ही आजवर नाक मुरडत होतो.

एक काळ असा होता की पक्षी ओळखायचा तर तो मारावाच लागे. डॉ. सालिम अली १८९६ साली मुंबईत जन्मले. त्यांच्या पक्षिजीवनाची सुरुवातही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कोणती चिमणी म्हणून मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तिथल्या कपाटांतले भरून ठेवलेले पक्षी पाहून त्याची वाट ठरली. विलायतेत रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचा फोटो काढला, आणि तसल्या फोटोंना तेव्हापासून धरतात. हेच भाऊ पुढे पक्ष्यांना भय वाटू नये म्हणून आतून पोकळ अशा बैलाच्या सोंगात शिरून फोटो काढीत. बैलाच्या पोटात उकडत बसलेल्या त्या माणसाला हसू येईल खरे. पण आपण दिसू नये एवढी काळजी तो घेत होता. आज आपल्याजवळ शंभर पावलांवरून काम करणारी भिंगे आहेत, आणि आपण हातभर अंतरावर जातो.

घरच्या गॅलरीत शिंजीराने लोंबते घरटे बांधले, कुंडीत बुलबुलाने अंडी घातली, तर काय करावे? घरात कौतुक असणार, आजी आल्यागेल्याला दाखवणार. पाहावे, जरूर पाहावे. खिडकीच्या आतून, पडद्याआडून, थोडा वेळ. फोटो काढायचा तर आतूनच, झगझगीत दिवा न लावता. मादी उडून गेली आणि परत येईना, असे झाले की आपण खोलीतून बाहेर पडावे. कपडे वाळत घालायची दोरी महिनाभर दुसरीकडे हलवावी. आमच्या शेजारी एका बाईंनी शिंजीरापायी हे केले आणि महिनाभर सासूबाईंची बोलणी खाल्ली.

दुसरी एक नवी खोड मुलांत आली आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावायचा, म्हणजे खरा पक्षी उत्तर द्यायला जवळ येतो. येतो हे खरे. पण वसंतात नर गातो तो आपली हद्द सांगायला. आपल्या हद्दीत दुसरा घुसला असे समजून तो खाणेपिणे टाकून भांडायला येतो आणि न दिसणाऱ्या शत्रूला शोधत राहतो. दिवसातून दहा जणांनी हा खेळ केला तर त्याने संसार कधी करावा? मुलांना हे नीट सांगितले तर पटते. मोठ्यांना पटवणे अवघड जाते, कारण त्यांचा फोटो अजून आलेला नसतो.

मुलांसाठी आम्ही घरात एक वही घातली आहे. सावरीला पहिले फूल कोणत्या तारखेला दिसले, पळसमैना प्रथम केव्हा आली, शेवटची केव्हा दिसली, तांबटाचे ठोके कधी सुरू झाले. एवढेच, तारीख आणि ओळ, सोबत एक फोटो. दरवर्षी एक पान. फोटो हजार निघतात हो. छत्तीस फोटोंचे रीळ जाऊन आता मोजमाप राहिलेले नाही. पण वहीत एकच चिकटवायचा असे ठरले की कोणता, यावर रविवारची दुपार भांडणात चांगली जाते. मार्च संपता संपता फुले गळून बोंडे धरतात, पुढे ती फुटून कापूस उडू लागतो, आणि झाडाखाली बसणाऱ्याच्या टोपीवर पांढरा साज चढतो. तेव्हा बैठक मोडावी.

वाचकांनी आपल्या बागेतल्या सावरीचे, पांगाऱ्याचे, त्यांवरच्या पाहुण्यांचे फोटो गावाचे नाव आणि तारीख घालून आमच्याकडे जरूर पाठवावेत. मिटल्या चोचीचा तांबट पाठवणाऱ्याचे विशेष स्वागत होईल. घरट्यांचे फोटो मात्र पाहिले जाणार नाहीत. ते परत हवे असल्यास टपालखर्च पाठवणाराचा.